सगळ्यांचे आकडे हिरवे

आमच्या कंपनीत प्रत्येकाचं काम उत्तम चाललं आहे. हे ऐकीव नाही. दर तिमाहीच्या शेवटी मोठ्या पडद्यावर आलेख दाखवतात. त्यातला जो वर जायला हवा तो वर गेलेला असतो आणि जो खाली यायला हवा तो खाली आलेला असतो. बाण हिरवे असतात. टाळ्या होतात, समोसे येतात. दरम्यान आमचं ॲप वापरायला पहिल्यापेक्षा वाईट झालेलं असतं, पण ते कोणाच्याच आलेखात बसत नाही, त्यामुळे त्याचा विषय निघत नाही.

मी तिथे टेस्टर आहे. इतरांनी बांधलेलं मोडतं का, हे मोडून बघायचं, एवढंच माझं काम. कंपनी किराणा, भाजी, औषधं घरपोच करणारा प्लॅटफॉर्म चालवते. आमचं दुकान नाही, टेम्पो नाही, कांद्याचं एक पोतंसुद्धा नाही. एकीकडे दुकानदार, एकीकडे गिऱ्हाईक, तिसरीकडे पोचवणारी मुलं आणि मध्ये आम्ही. मार्केट यार्डातला आडत्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. फक्त त्याला दर तीन महिन्यांनी गाळ्याचं दार दुसऱ्या भिंतीत काढावं लागत नाही. आम्हाला लागतं. त्यासाठी आमच्याकडे प्रॉडक्ट मॅनेजर आहेत.

प्रॉडक्ट मॅनेजर नेमकं काय करतो, हे मला अजून आईला समजावून सांगता आलेलं नाही. तो कोड लिहीत नाही, ते डेव्हलपर लिहितात. पडदे आखत नाही, ते डिझायनर आखतो. माल विकत नाही, त्याला सेल्स आहे. चुका शोधत नाही, त्याला मी आहे. त्याच्या हाताखाली कोणी नसतं आणि तरी सगळे त्याने सांगितलेलं करत असतात. "हे कोणी ठरवलं?" या प्रश्नाचं उत्तर तो असतो. "हे असं का झालं?" या प्रश्नाचं उत्तर मात्र डेटा असतो.

या जमातीचा मूळपुरुष म्हणून नील मॅकेलरॉय यांचं नाव घेतात. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये ते 'कॅमे' साबणाच्या जाहिराती बघत होते, आणि घरातलाच 'आयव्हरी' साबण त्यांच्या साबणाला डोकं वर काढू देत नव्हता. त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहिलं, की प्रत्येक साबणाला स्वतःचा माणूस हवा, जो त्या एकाच साबणाचं भलं बघेल. कंपनीत टिपण एका पानात आटपावं असा दंडक होता. यांचं तीन पानांचं झालं. आमच्याकडची टिपणं चाळीस पानांना स्पर्श करतात, तेव्हा परंपरा जोमात आहे. मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. आमच्याकडचे दीड वर्षात दुसऱ्या कंपनीत जातात.

पण त्यांच्या कल्पनेत एक सोय होती. कॅमेच्या माणसाला आयव्हरीच्या वडीला हात लावता येत नव्हता. आमच्याकडे साबण एकच आहे आणि माणसं सहा.

'रद्द करा' या बटणाचंच घ्या. हे बटण पूर्वी लाल होतं, ऑर्डरच्या खालीच होतं आणि दाबलं की ऑर्डर रद्द व्हायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग एका तिमाहीत ऑर्डरबाजूच्या मॅनेजर बाईंच्या वाट्याला 'रद्द होणाऱ्या ऑर्डरी कमी करणे' हे उद्दिष्ट आलं. ऑर्डरी रद्द का होतात, हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं: दुकानात दूध नसतं आणि ॲपवर असतं. पण काय आहे आणि काय नाही हे दाखवणं दुकानदारबाजूचं खातं, ते बसतात खालच्या मजल्यावर. बाईंच्या हातात बटण तेवढं होतं. त्यांनी ते राखाडी केलं. मग बारीक केलं. मग उचलून 'मदत'च्या आत, 'माझी ऑर्डर'च्या आत, 'इतर'च्या आत नेऊन ठेवलं. मी तिकीट टाकलं: बटण सापडत नाही. तिकीट बंद होऊन परत आलं. शेरा होता, 'अपेक्षित वर्तन'.

रद्द होणाऱ्या ऑर्डरी घटल्या. बाण हिरवा.

ज्यांना बटण सापडेना, ते फोन करू लागले. त्यामुळे मदतबाजूच्या मॅनेजरचा आलेख नको तिथे उभा राहिला. या गृहस्थांचं उद्दिष्ट 'कॉल कमी करणे' हे होतं. फोन का येतात, हे त्यांनी विचारलं नाही, कारण ते कारण वरच्या ओळीत बसणाऱ्या बाईंचं यश होतं आणि त्याला नुकत्याच टाळ्या पडल्या होत्या. त्यांनी फोन नंबर काढून तिथे चॅटबॉट बसवला. तो पाच प्रश्न विचारतो. शेवटचा प्रश्न असतो, "तुमची अडचण सुटली का?" त्याखाली दोन पर्याय: "हो" आणि "मुख्य पानावर जा". मी विचारलं, "नाही म्हणायचं असेल तर?" गृहस्थ म्हणाले, "मुख्य पानावर जा." त्यांनी पर्याय सांगितला की मला तिथून जायला सांगितलं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

कॉल घटले. बाण हिरवा.

आता माणसांनी जायचं कुठे? ती प्ले स्टोअरवर गेली आणि एकेक तारा देऊन, मोठ्या लिपीत, उद्गारचिन्हांसकट लिहू लागली. तारे बघणं हे वाढबाजूच्या मॅनेजरकडे. त्याने एक खिडकी बनवली: "ॲप आवडतंय का?" हो म्हणणाऱ्याला प्ले स्टोअरवर नेऊन सोडायचं, नाही म्हणणाऱ्याला आमच्याच एका फॉर्मवर. फॉर्म भरल्यावर तो कुठे जातो, ते बघणं माझं काम. तो एका ईमेलवर जात होता. ज्यांचा तो ईमेल, त्या बाई कंपनी सोडून गेल्या होत्या. यावर मी टाकलेल्या तिकिटाला सगळ्यात खालचा प्राधान्यक्रम मिळाला, कारण फॉर्मबद्दल कोणाची तक्रार आलेली नव्हती.

तारे वाढले. एकाच अडचणीवर तीन जणांचे बाण हिरवे झाले. आणि मूळ अडचण, म्हणजे दुकानात नसलेलं दूध ॲपवर असणं, जिथल्या तिथे. ती खालच्या मजल्यावर आहे, तिथला आलेख 'ॲपवर दिसणाऱ्या वस्तूंची संख्या' हा आहे, आणि तोही वर गेला आहे.

आकड्याला धरून हाकायला लागलं की तो आकडा भरवशाचा राहत नाही, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 सालीच सांगून ठेवलं आहे. ते चलनविषयक धोरणाबद्दल बोलत होते. आमच्याकडे हा सिद्धांत सर्वांना पाठ आहे. नव्या मुलांच्या प्रशिक्षणात त्यावर एक स्लाइड आहे, आणि ती स्लाइड किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली याचा आलेख आहे.

बटण लपवण्यात आम्ही जगात पहिले आहोत असाही भाग नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 साली ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइमचं सदस्यत्व सोडायचं तर 4 पानं, 6 क्लिक आणि 15 पर्याय पार करावे लागतात, असं त्या दाव्यात म्हटलं होतं. या वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत, असंही म्हटलं होतं. हे महाकाव्य ज्यावर आहे ते ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं, तेव्हा नाव ठेवणाऱ्याचं वाचन दांडगं असणार. 2025 साली हे प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटलं. आमच्या बैठकीत हे उदाहरण निघालं तेव्हा एकाने वहीत '6 क्लिक' असं लिहून घेतलं. आमच्याकडे सात लागायचे.

याशिवाय फेज टू आहे. जी गोष्ट गिऱ्हाइकाने स्वतःहून मागितलेली असते, ती फेज टूमध्ये जाते. मोठी अक्षरं, मागच्या महिन्याची यादी जशीच्या तशी पुन्हा मागवणं, बिलाची प्रत, पिशवी परत घेण्याची सोय, हे सगळं तिथे सुखाने नांदत आहे. कागदोपत्री काहीच नाकारलं जात नाही. "छान मुद्दा आहे, फेज टूमध्ये घेऊ," असं म्हणतात आणि म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक असतं. फेज टू मी अजून पाहिलेली नाही. फेज वन संपली की रचना बदलते, मॅनेजर बदलतो, आणि नव्या मॅनेजरची फेज वन सुरू होते.

2001च्या फेब्रुवारीत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे, बर्फात, 17 माणसं जमली आणि त्यांनी सॉफ्टवेअर कसं करावं याचा जाहीरनामा लिहिला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं अधिक मोलाचं, असं त्यात आहे. माणसं सज्जन होती. हे वाक्य पुण्याच्या खराडीत, आमच्या ऑफिसात, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, रिलीज बांधून तयार असताना, "फक्त एक छोटा बदल" या शब्दांच्या आधी म्हटलं जाईल, याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नाही.

घरी गेलं तरी सुटका नाही. कराडची आत्या आमचं ॲप वापरते. भाचा तिथे आहे म्हणून वापरते, दुसरं काही कारण नाही. तिचा फोन येतो: "अरे, ते पत्ता बदलायचं कुठाय?" मी म्हणतो, "वर उजवीकडे, घराच्या चित्रावर." ती म्हणते, "इथं घर नाही. पिशवी आहे." मी म्हणतो, "नीट बघ." ती म्हणते, "चष्मा लावलाय मी." मग माझ्या लक्षात येतं की आत्या ब गटात आहे. निम्म्या लोकांना घर दाखवायचं, निम्म्यांना पिशवी, आणि कोण जास्त खरेदी करतं ते बघायचं, असा तो प्रयोग असतो. गूगलने म्हणे एकदा निळ्या रंगाच्या 41 छटा लोकांवर अशाच आजमावल्या. डग्लस बोमन नावाचा त्यांचा डिझायनर 2009 साली नोकरी सोडताना हे सांगून गेला. आत्याला नोकरी सोडण्याची सोय नाही. तिला मी म्हटलं, "आत्या, तुझ्यावर प्रयोग चाललाय." ती म्हणाली, "मला विचारलं होतं का कुणी?" हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी उभ्याने घ्यायच्या सभेत बसून विचारला. उत्तर मिळालं, की विचारलं तर प्रयोग बिघडतो.

पावसाची गोष्टही सांगायला हवी. 2023 साली जेवण पोचवणाऱ्या ॲपवाल्यांनी ऑर्डरमागे दोन रुपये प्लॅटफॉर्म शुल्क घ्यायला सुरुवात केली, आणि दोन रुपयांसाठी कोणी भांडत नाही हे एकदा सिद्ध झाल्यावर पुढचं सगळं सोपं होतं. आमच्याकडे प्लॅटफॉर्म शुल्क आलं, हाताळणी शुल्क आलं, छोट्या ऑर्डरचं शुल्क आलं. मोठ्या ऑर्डरच्या शुल्कावर विचार चालू आहे. मग पावसाचं शुल्क आलं. पोचवणारी मुलं भिजतात, त्यांना चार पैसे जास्त मिळावेत, इथपर्यंत कोणाचीच हरकत नव्हती. प्रश्न आला पाऊस म्हणजे काय हे ठरवण्याचा. पुण्यात कोथरूडला धो धो असतो तेव्हा हडपसरला ऊन असतं, हे इथे राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. मॅनेजर साहेब नुकतेच गुरुग्रामहून आले होते. त्यांनी हवामान पुरवणाऱ्या एका सेवेशी ॲप जोडायला सांगितलं, ती संपूर्ण शहराला एकच पाऊस देत होती. झोननिहाय पाऊस फेज टूमध्ये गेला.

चाचणीसाठी पाऊस हाताने चालू करायची एक कळ होती. ती मे महिन्यात कोणीतरी चालूच ठेवली. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि लोक दर ऑर्डरमागे पावसाचे पंधरा रुपये भरत होते. मी हे कळवलं. चौकशी झाली. तक्रारी फारशा आलेल्या नाहीत असं दिसलं, आणि त्यावरून असा निष्कर्ष निघाला, की गिऱ्हाइकांची या शुल्काला हरकत नाही. तक्रार कुठे जाते हे वर आलंच आहे. पंधरा रुपयांतले मुलांना किती मिळतात, हेही मी विचारलं. ते पोचवणीबाजूचं खातं आहे.

सरकारने मध्यंतरी यात लक्ष घातलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गिऱ्हाइकाला गोंधळात पाडणाऱ्या 13 युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. खोटी घाई करणं, टोपलीत न मागितलेलं काही सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्वातून बाहेर पडू न देणं, हवं ते मिळेपर्यंत पिच्छा पुरवणं, वगैरे. यादी बैठकीत वाचली गेली तेव्हा खोलीत शांतता होती. अर्थात ही अपराधीपणाची शांतता नव्हती. दोन जण फोनवर टिपून घेत होते.

मग सुधारणा झाल्या. बिलात एक रुपयाची देणगी आधीच टिकमार्क होऊन येत असे, ती टिक काढली. तिच्या जागी खिडकी आली. तिच्यात "होय, मला मुलांना शिकवायचं आहे" आणि "नाही, मला मुलांच्या शिक्षणाशी देणंघेणं नाही" अशी दोन बटणं आली. मी दाखवून दिलं, की आपण यादीतल्या एका युक्तीवरून उठून दुसरीवर बसलो आहोत. मॅनेजर म्हणाले, "पण पहिलीवरून उठलो ना?" कोथिंबिरीच्या जुडीखाली "आत्ता आणखी 14 जण हे बघत आहेत" अशी ओळ यायची. हा आकडा कुठून येतो, हे मी शोधलं. तो कुठूनच येत नव्हता; नऊ ते तेवीसच्या मध्ये ॲप मनाला येईल तो आकडा उचलत होतं. याला खोटा म्हणायचं नाही, असं मला सांगण्यात आलं. तो 'सूचक' आहे.

2025च्या जूनमध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं, की तीन महिन्यांत आपापलं ॲप आपणच तपासा. आम्ही तपासलं. ज्या बाईंनी 'रद्द करा' बटण हलवलं होतं, त्यांच्याकडेच ते शोधण्याचं काम आलं. त्यांना ते पहिल्याच फटक्यात सापडलं. त्यामुळे ते लपलेलं नाही, असं अहवालात आहे.

आता राहिला प्रश्न शून्य ते दहाचा. तुम्ही पैसे भरत असता, ओटीपी टाकायचा असतो, त्याला तीस सेकंदं उरलेली असतात, आणि नेमकी तेव्हा खिडकी उघडते: "आमचं ॲप मित्रांना सुचवण्याची शक्यता किती? शून्य ते दहामध्ये सांगा." ही पद्धत फ्रेड रायकेल्ड यांनी 2003 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये मांडली. नऊ-दहा देणारे तुमचे भक्त, सात-आठ देणारे धरायचे नाहीत, आणि शून्यापासून सहापर्यंत सगळे निंदक. भक्तांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा केले की कंपनीची कुंडली तयार.

आता महाराष्ट्रात साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. पंचाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन, पेढे. सदाशिव पेठेतल्या निवृत्त मास्तरांनी कोणाला दहापैकी सहा दिले, तर त्यांचा त्या मुलावर जीव आहे असं समजायचं. ही माणसं आमच्या ॲपला सहा देतात आणि खाली लिहितात, "बरं आहे." पुण्यात याहून वरचं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही. बंगळुरूच्या मुख्य कार्यालयात हे सगळे निंदकांत मोडतात. गेल्या वर्षी तिथून विचारणा आली, की पुण्याचं गिऱ्हाईक एवढं नाराज का? त्यावर एक समिती बसली. तिने सहा आकड्याखाली रडका चेहरा आणि दहाखाली हसरा चेहरा छापायचं ठरवलं, आणि दहाचं बटण हिरवं व इतरांपेक्षा मोठं केलं. सहाचं बटण राखाडी झालं. समितीत बाई होत्याच.

आकडा सुधारला. समोसे आले, चटणी संपली होती.

तेव्हा वाचकहो, एवढं ध्यानात ठेवा. सात किंवा आठ देऊ नका, ते धरतच नाहीत. खूश असाल तर दहा द्या; नसाल तर सहा देऊन भीड राखण्यात अर्थ नाही, सहा आणि शून्य एकाच खात्यात जमा होतात, तेव्हा खुशाल शून्य द्या. "ॲप आवडतंय का?" असं विचारलं आणि आवडत नसेल, तरी हो म्हणा आणि प्ले स्टोअरवर पोचल्यावर काय ते लिहा. आणि पैसेच अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तो आमच्या ॲपमध्ये कुठेही दिलेला नाही.